काउस्तिनेनहून आल्यावर: गणपतीच्या कार्यक्रमात सगळ्यांच्या हातात टाळ द्यायचे का?

प्रेषक: ताई, एस्पो
विषय: काउस्तिनेन आणि आपला गणपती

मंडळी, सप्रेम नमस्कार.

जुलैत इथल्या, फिनलंडमधल्या, काउस्तिनेन गावच्या लोकसंगीत महोत्सवाला जाऊन आले. तेव्हापासून एक गोष्ट मनात घोळतेय. गणपतीच्या कार्यक्रमांची यादी पक्की होण्याआधीच ती तुमच्यापुढे ठेवते, कारण यादी एकदा ठरली की हलत नाही.

जे गेले नाहीत त्यांच्यासाठी थोडी माहिती. हेलसिंकीहून रेल्वेनं चारेक तासांत कोक्कोला, तिथून पुढे पन्नासेक किलोमीटर रस्त्यानं. गावाची वस्ती चार हजारांच्या आसपास. पण हे व्हायोलिनचं गाव आहे. वाजवण्याची परंपरा अडीचशे वर्षांहून जुनी, घरातल्या मोठ्यांकडून आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून कानानं ऐकत आलेली. पूर्वी लग्नं दोन-दोन, तीन-तीन दिवस चालायची, त्यात वऱ्हाडाला नाचवायला हे वादक लागायचे. महोत्सव १९६८ साली सुरू झाला. गावातले वादक कोन्स्ता युल्हॅ त्यानंतर फिनलंडभर घरोघरी माहीत झाले. २०२१ मध्ये युनेस्कोनं या वादनाला मानवाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. फिनलंडचा सौना (वाफेचं स्नान) त्या यादीत आदल्याच वर्षी गेला होता.

रंगमंचावरचे कार्यक्रम उत्तम होतेच. मला सांगायचंय ते कार्यशाळांचं. ज्यांनी आयुष्यात व्हायोलिन धरलं नाही अशांसाठीच्या एका वर्गात मी जाऊन बसले. माझ्या एका बाजूला सत्तरीच्या आजी, दुसऱ्या बाजूला दात पडलेला एक मुलगा. समोर स्वरलिपीचा कागद नाही. शिकवणाऱ्या बाईंनी आधी वाद्य हातात घेऊच दिलं नाही. म्हणाल्या, आधी पाय. पायानं ठेका धरून खोलीतली फरशी दणाणली, मग त्यांनी एक छोटा तुकडा वाजवला, आम्ही तो गुणगुणला, आणि मग कुठे तारेवर गज टेकला. ज्यांना तुकडा जमला त्यांनी तुकडा वाजवला, ज्यांना नाही जमला त्यांनी मोकळी तार ओढली. संध्याकाळी आम्ही सगळे एका लहान मांडवात उभे राहून वाजवलं. रात्री दहा वाजता लख्ख उजेड, समोर लोक जोडीनं नाचत होते. आमच्या वाजवण्यावर!

यामागे एक पद्धत आहे. तिला तिकडे नॅप्पॅरी म्हणतात. गावातलेच वादक माउनो यार्वेला यांनी १९८०च्या दशकात ती बसवली. एकाच गाण्याची मांडणी अशी करायची की त्यात प्रत्येकाला जमेल असं काहीतरी असेल. काल आलेल्या मुलाला एक मोकळी तार, वर्षभर शिकलेल्याला सोपी साथ, मुरलेल्याला मुख्य चाल. परीक्षा नाही, निवड नाही. महोत्सवात या मुलांचा मेळा उभा राहिला तेव्हा शंभराच्या वर गज एकदम उठले. मला रडू आलं.

आता आपलं बघा. गेल्या गणपतीत मुलांनी रेकॉर्ड लावून नाच केले. मनापासून केले, मेहनत घेतली, पालकांनी पोशाख शिवले. पण संध्याकाळभरात त्या मुलांच्या हातून किंवा गळ्यातून एकही सूर निघाला नाही. भोंडला, मंगळागौर, लेझीम, भजन यांतलं काहीच मुळात खुर्चीवर बसून बघण्यासाठी नाही. भोंडल्यात हत्तीभोवती फेर धरणाऱ्यांखेरीज कुणी असतं का? आपण मात्र या सगळ्याचा 'आयटम' केलाय.

माझी सूचना: गणपतीआधीचे चार शनिवार कार्यशाळा घेऊ. टाळ, पावली आणि लेझीम. येईल त्याला घ्यायचं, वयाची अट नाही, फिनिश शेजारी आले तर त्यांनाही. आणि कार्यक्रमात अर्धा तास या सगळ्यांचा.

बोला.
ताई

---

प्रेषक: नाना, वान्ता
विषय: उत्तर: काउस्तिनेन आणि आपला गणपती

ताई,

पत्र दोनदा वाचलं. तुझी कळकळ पोचली. तरी माझं मत वेगळं आहे आणि ते स्पष्टच लिहितो.

आमचा नाट्यसंगीताचा गट फेब्रुवारीपासून तालीम करतोय. दर रविवारी, बर्फ असो की पाऊस. लोक वर्षातून एकदा सभागृहात येतात, तिकीट काढतात, त्यांना काहीतरी नीट तयार झालेलं ऐकायला मिळावं ही माझी जबाबदारी वाटते. चार शनिवारांत टाळ हातात धरलेली पन्नास माणसं एका लयीत वाजवतील का? पखवाजाचा ठेका एकीकडे, टाळ दुसरीकडे असं झालं तर ऐकणाऱ्याला त्रास होतो आणि वाजवणाऱ्यालाही कळतं की आपलं चुकतंय. मग तो पुढच्या वेळी येत नाही.

सगळ्यांना सामावून घ्यायचं म्हणून दर्जा सोडायचा, हे मला पटत नाही. संगीत ही साधना आहे. मुलांना हेच शिकवायला हवं.

शिवाय ढोल-ताशा आणि लेझीम बंद सभागृहात? गेल्या वर्षी सभागृहवाल्यांनी आवाजावरून दोनदा सांगून पाठवलं होतं.

नाना

---

प्रेषक: दादा, तांपेरे
विषय: उत्तर: उत्तर: काउस्तिनेन आणि आपला गणपती

नाना, ताई,

मी एरवी या ईमेल-यादीवर फक्त वाचतो, पण या विषयावर गप्प राहवेना. माझी मुलगी गेली काही वर्षं इथल्या एका नॅप्पॅरी गटात व्हायोलिन शिकतेय.

नानांची दर्जाची काळजी रास्त आहे. मलाही सुरुवातीला तीच होती. पण त्या भागातलाच एक दाखला देतो. यूहा कांगास हे काउस्तिनेनमध्येच जन्मले, लहानपणापासून तिथल्या वादकांत वाढले. त्यांनी १९७२ मध्ये कोक्कोलाला आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन तंतुवाद्यांचा एक वाद्यवृंद उभा केला, ओस्त्रोबोथ्नियन चेंबर ऑर्केस्ट्रा. पुढे त्या वाद्यवृंदाला आणि कांगासांना १९९३ साली नॉर्डिक कौन्सिलचं संगीत पारितोषिक मिळालं. राजधानीपासून इतक्या लांब, इतक्या विरळ वस्तीत हे घडलं कारण तिथे घराघरांत कुणीतरी वाजवत होतं. शेकडो जण साधंसं वाजवतात म्हणूनच त्यातून काही जण शिखरावर जातात. साधना करणारे येतात कुठून? कुणीतरी त्यांच्या हातात पहिल्यांदा वाद्य दिलेलं असतं.

लयीबद्दल. नॅप्पॅरीत मुलांची लय बिघडत नाही याचं कारण वर्गाची रचना. नवख्याला एकटं सोडत नाहीत. प्रत्येक नवख्याच्या शेजारी एक जाणता उभा असतो, आणि नवख्याला दिलेलं काम इतकं सोपं असतं की चुकायला जागाच राहत नाही. आपल्या दिंडीत वेगळं काय असतं? वीणेकरी मध्ये, पखवाजवाला ठेका धरून, जाणते टाळकरी पुढच्या ओळीत, आणि मागे आयुष्यात पहिल्यांदा वारीला आलेला माणूसही 'ज्ञानोबा-माउली-तुकाराम' म्हणत टाळ वाजवतच असतो. त्याला कुणी बाहेर काढत नाही आणि लयही बिघडत नाही. ही व्यवस्था वारकऱ्यांकडे केव्हापासून आहे.

एक कामाची गोष्ट. आपल्यातली आठ-दहा मुलं तरी इथल्या शाळांत व्हायोलिन शिकतात. त्यांनाही भजनात घेता येईल. व्हायोलिनच्या चार तारांमधलं अंतर पंचमाचं, सा ते प एवढं असतं. म्हणजे पांढरी दोनचा (पेटीवरच्या दुसऱ्या पांढऱ्या पट्टीचा) सा धरला तर मुलांना दोन मोकळ्या तारांत सा आणि प मिळतात. पांढरी पाच धरली तरी मिळतात, पांढरी सहा धरली तरी. बोट न लावता, गज ओढून, सात वर्षांचं मूल तंबोऱ्याचं काम करू शकेल. बायकांच्या गळ्याला पांढरी सहा जवळची पडेल असं मला वाटतं, पण ते नानांनी ठरवावं.

दादा

---

प्रेषक: नाना, वान्ता
विषय: पांढरी सहा

दादा,

मोकळ्या तारांचा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता. रात्री पेटी काढून बसलो. पांढरी सहा बायकांना चालेल. पुरुषांना वरचा पंचम गाठताना ताण येईल, पण अभंगाची चाल मध्यमापर्यंतच ठेवली तर निभेल. चाल मी निवडतो.

ताईला एक विचारायचं आहे. काउस्तिनेनच्या मेळ्यात व्हायोलिनबरोबर पायपेटी असते असं ऐकून आहे. खरं का?

नाना

---

प्रेषक: ताई, एस्पो
विषय: उत्तर: पांढरी सहा

नाना, अगदी खरं! आधी लिहायला हवं होतं, तुम्हाला सगळ्यात जास्त आनंद झाला असता. व्हायोलिनं, मोठा डबल बास आणि पायानं भाता मारायची पेटी, असा तिथल्या मेळ्याचा ठरलेला संच. बालगंधर्वांच्या नाटकांत साथीला जो ऑर्गन असायचा, त्याच जातीचं वाद्य. मी एका वादकाच्या मागे उभी राहून बघत होते. डाव्या-उजव्या हातांनी मिळून ठेका आणि सूर भरत राहतात, आणि पाय अखंड चालू. बुटांचा आवाज आणि भात्याचा श्वास दोन्ही ऐकू येतात.

इथल्या जुन्या शाळांत आणि प्रार्थनागृहांत या पेट्या पूर्वी सर्रास असायच्या. आता लोक त्या कमी किमतीत काढून टाकतात, कधी कधी फुकटही देतात, फक्त उचलून न्यायची अट. भाता फाटलेला नसेल तर आपण एक घेऊ शकतो. नाट्यसंगीताच्या गटालाही ती उपयोगी पडेल, आणि भजनाच्या अर्ध्या तासातही.

नाट्यसंगीताला धक्का लावायचा माझा मुळीच हेतू नाही. तुमची फेब्रुवारीपासूनची मेहनत मध्यंतरानंतर पूर्ण वेळ घेऊन ऐकायची आहे, मी पहिल्या रांगेत बसणार आहे. माझं मागणं मध्यंतराआधीच्या रेकॉर्डवरच्या नाचांच्या जागेबद्दल आहे.

लेझीम आपण आत नको करूया, तुमचं बरोबर आहे. मूर्ती आणतानाच्या मिरवणुकीत, बाहेर मैदानात, दिवसाउजेडी. आणि ढोलाऐवजी एकच हलगी. शाळेत शिकलेले 'चार आवाज', 'आठ आवाज' आणि 'पवित्रा' एवढे तीन प्रकार पुरेत. ज्यांना पवित्रा जमणार नाही ते 'चार आवाज' करत राहतील, ठेका तोच आहे.

मुलांच्या आयांना मी स्वतः फोन करते. ज्यांनी नाच बसवायला घेतलाय त्यांना वाईट वाटता कामा नये. त्यांनाच पावली शिकवायला पुढे घेऊ. पावलांचं त्यांना माझ्यापेक्षा पुष्कळ जास्त कळतं.

ताई

---

प्रेषक: माई, तुर्कू
विषय: टाळ

सगळ्यांना आशीर्वाद.

मी पुण्याहून परवा परत येतेय. भाच्याला सांगून बारा जोड टाळ घेतलेत, पितळेचे, दोरी बदलून. सामानाच्या वजनात तेवढेच बसतात. बाकीच्यांनी घरात असतील ते आणावेत. लहान मुलांना जड टाळ देऊ नका, हात दुखला की मन उडतं. त्यांना चिपळ्या बऱ्या. लेझमी इथे मिळणार नाहीत, त्या येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून दोन-दोन, तीन-तीन अशा मागवा.

आणि कार्यशाळेला म्हाताऱ्यांना बोलवायला विसरू नका. इथे मुलांकडे राहायला आलेले आईवडील दुपारभर खिडकीत बसून असतात. त्यांतले कितीतरी जण गावाकडे भजनी मंडळात होते. आमच्या इमारतीतल्या एका आजोबांना पखवाज येतो हे मला दोन वर्षांनी कळलं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. फिनिश येत नाही, रस्ते ठाऊक नाहीत, त्यांना गाडीतून आणायला हवं. ते शिकवतील, आपण शिकू.

माई

---

प्रेषक: नाना, वान्ता
विषय: उत्तर: टाळ

माई, त्या आजोबांना माझा नमस्कार सांगा. पहिल्या शनिवारी तुर्कूहून त्यांना घेऊन यायची जबाबदारी माझी. पखवाज त्यांच्याकडे नसेल तर आमच्या गटाचा आहे, शाई ठीक आहे, कणीक लावून तयार ठेवतो.

एक अट मात्र राहील. कार्यक्रमाआधी सगळ्यांची मिळून एक पूर्ण तालीम व्हायलाच हवी. त्या दिवशी लय बसली नाही तर मी पुन्हा बसवीन, रात्र झाली तरी.

नाना

---

प्रेषक: सचिव
विषय: कार्यशाळा, जागा आणि वेळ

नमस्कार मंडळी,

वरच्या पत्रव्यवहारावर कार्यकारिणीत बोलणं झालं. ठरलेलं असं:

शाळा ऑगस्टच्या मध्यापासून सुरू झाल्या की व्यायामशाळेची जागा शाळेच्या वेळेबाहेर भाड्यानं मिळते. गणपतीआधीचे चारही शनिवार दुपारी दोन ते पाच अर्ज केला आहे. भाडं मंडळ भरेल, येणाऱ्यांकडून काही घ्यायचं नाही. व्यायामशाळेत बाहेरचे बूट चालत नाहीत, पण पावलीसाठी नुसते मोजेही नकोत, घसरायला होतं. अनवाणी किंवा आत वापरायचे बूट.

शेवटच्या शनिवारी नानांच्या म्हणण्याप्रमाणे पूर्ण तालीम. त्या दिवशी वेळ रात्री आठपर्यंत मागितली आहे.

मध्यंतराआधीचा अर्धा तास कार्यशाळेच्या गटाला दिला आहे. नाचांचे जे दोन गट आधीच तालीम करत आहेत त्यांच्याशी ताई बोलल्या. एक गट पावली शिकवायला तयार झाला आहे. दुसऱ्या गटाच्या मुली मोठ्या आहेत, त्यांना आपला नाच करायचा आहे, तो यादीत राहील.

पायपेटीसाठी शंभर युरोपर्यंत खर्च मंजूर. कुणाकडे मोठी गाडी आणि दोन बळकट माणसं असतील तर कृपया या पत्राला उत्तर द्या. पेटी जिन्यावरून उतरवायची तयारी हवी.

सचिव