पुरातून वाचलेलं वाचनालयाचं पुस्तक: परत करू की ठेवून घेऊ?

विश्रामबागची वाचक:
नमस्कार मंडळी. २०१९ च्या जुलैअखेर सांगलीतल्या गावभागातल्या एका वाचनालयातून मी एक जुना कथासंग्रह घरी आणला. पुढच्या आठवड्यात कृष्णा चढत गेली आणि आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर पोचलं. वाचनालयातल्या माणसांनी २००५ ची खूण धरून पुस्तकं वरच्या फळ्यांवर रचली होती. तेव्हा ५३ फुटांच्या थोडं पुढं जाऊन पाणी थांबलं होतं. या वेळी ती खूणच बुडाली.

पाणी ओसरल्यावर मी मदतीला गेले. गुळगुळीत कागदाच्या पुस्तकांच्या विटा झाल्या होत्या, एक पान सुटेना. काही पुस्तकं फुगून कपाटात अशी गच्च बसली होती की ओढूनही निघत नव्हती. घमेल्यानं भरून आम्ही ती ट्रॉलीत टाकली. माझ्याकडचं पुस्तक तेव्हा घरी दुसऱ्या मजल्यावर कोरडं होतं. नेऊन ठेवणार कुठं? मग वाचनालय बंद, मग कोरोना. राहिलं ते राहिलंच.

मी कथा लिहायला लागले ती या पुस्तकामुळं. पान ८४ वर समासात कुणीतरी बारीक पेन्सिलीनं लिहिलंय, ‘आमच्या आईचं असंच झालं.’ ते वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. कथा कुठपर्यंत पोचली पाहिजे, हे मला तिथं कळलं. माझा पहिला संग्रह आता दिवाळीत आला, तो हे पुस्तक टेबलावर ठेवूनच लिहिला.

परत करायलाच हवं का? किंमत आणि दंड भरून ठेवून घेतलं तर चालेल?

हरिपूरकर:
ठेवा. आमच्या गावची हळदीची पेवं, म्हणजे जमिनीखालची कोठारं, २००५ च्या पाण्यात गेली, त्यामुळं वाचलेल्या वस्तूची किंमत मला माहीत आहे. तुमच्याकडं होतं म्हणून ते वाचलं. परत दिलं की पुन्हा नदीकाठचं कपाट.

निवृत्त ग्रंथपाल, सातारा:
ताई, परत करा. दंडाची चिंता नको, समोर जाऊन बोला. दाखल नोंदवहीत शेऱ्याचा रकाना असतो. पुरात गेलेल्या पुस्तकांचं निर्लेखन झालं असेल, म्हणजे ती नोंदीतून कमी केली असतील, त्यात तुमच्याकडचंही धरलं असेल. तरी नव्यानं दाखल करून घेता येतं.

जुनं, छपाई थांबलेलं पुस्तक अनुदानाच्या पैशातूनही मिळत नाही, कारण बाजारातच नसतं. एकेका प्रतीसाठी मी रद्दीवाल्यांकडं दिवस घालवलेत. आणि समासात लिहिणारं माणूस गावातच असेल तर? ते पुन्हा त्या पुस्तकासाठी आलं तर काय सांगायचं?

हरिपूरकर, तुमचं दुःख कळतं. पण पुराच्या भीतीनं पुस्तक घरात ठेवायचं तर वाचनालयच नको.

विश्रामबागची वाचक:
काका, तुमच्या शेवटच्या प्रश्नानं मला गप्प केलं. काल जाऊन आले.

दाखल अंक सांगितल्यावर बाईंनी नोंदवही काढली. ती वरच्या मजल्यावर होती म्हणून वाचलेली. आमच्या ओळीपुढं लाल शाईत ‘पुरात नष्ट’ असा शेरा होता. वर-खाली अख्खं पान त्याच शेऱ्याचं. बाईंनी पट्टी लावून एवढाच एक शेरा खोडला, बाजूला तारीख घालून सही केली आणि पुस्तक उघडून नाकाशी धरलं. म्हणाल्या, ‘याला वास नाही हो.’

दंड घेतला नाही. पान ८४ ची झेरॉक्स मात्र मी मागून घेतली. हरिपूरकर, पुस्तकं आता वरच्या मजल्यावर आहेत, मी बघून आले.

माझ्या संग्रहाची एक प्रतही दिली. छापायला देताना प्रकाशकांना मी एकच हट्ट केला होता, समास रुंद ठेवा.