जपानी पाहुण्यांसमोर कराओके: पुरुषांच्या आवाजाला कोणती गाणी झेपतील?

तापीकाठ:
नमस्कार मंडळी. जळगावात आमच्या कराओके ग्रुपचा महिनाभरानं कार्यक्रम आहे, तीन-चार जपानी पाहुणे येणार आहेत. गाणारे पाचही पुरुष, वय ३० ते ६०, पट्टी काळी एक-काळी दोन. जपानी कुणालाच येत नाही. तिकडची पुरुष मंडळी आवडीनं गातात अशी गाणी हवीत, पण आम्हाला पेलणारी. उच्चार कसे बसवायचे तेही सांगा.

भूपाळी:
पहिलं गाणं डोळे झाकून 'उए ओ मुइते अरुको' घ्या. क्यू साकामोतो, १९६१. १९६३ मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं ते 'सुकियाकी' या नावानं. सुकियाकी हा मांसाचा पदार्थ आहे, गाण्याशी त्याचा काही संबंध नाही, म्हणून पाहुण्यांसमोर मूळ नावच घ्या.

आपल्याला ते सोपं जातं याचं कारण सुरांत आहे. मुखडा सा रे ग प ध एवढ्यावरच फिरतो, म्हणजे भूप रागाचेच सूर. मधल्या भागात मात्र मध्यम (म) येतो आणि भूप अंगवळणी पडलेला गळा नेमका तिथं घसरतो. तेवढ्या ओळी पेटीवर वेगळ्या घोटा. शिट्टीचा तुकडाही आहे. शिट्टी वाजवताना माइक तोंडासमोर नको, गालाच्या बाजूला धरा, नाहीतर नुसती फुंकच ऐकू येईल.

पाच जण आहात तर शेवटी 'सेकाई नि हितोत्सु दाके नो हाना' (२००३) एकत्र म्हणा. ते गाणाऱ्या स्मॅपमध्येही तेव्हा पाचच जण होते. एकट्यासाठी स्पिट्झ या बँडचं 'चेरी' (१९९६). त्यांचंच 'रॉबिन्सन' उंच आहे, त्या वाटेला जाऊ नका. तरुण पोरांना जोशाचं हवं असेल तर ब्लू हार्ट्सचं 'लिंदा लिंदा' (१९८७): सुरुवात संथ, मग एकदम धावतं. संथ भागातच जोर लावला की पुढं गळा बसतो. साठीच्या काकांना तानिमुरा शिंजींचं 'सुबारू' (१९८०) द्या. संथ आहे, पण दम लागतो.

चूल_बोळकी:
भाऊ, सुरापेक्षा मात्रा जास्त फसवतात. जपानीत प्रत्येक अक्षराला सारखा वेळ. 'न्' ला स्वतःची मात्रा, जोडाक्षरातल्या थांब्याला मात्रा, दीर्घ स्वराला दोन. कोन्निचिवा म्हणजे को-न्-नि-चि-वा, पाच. निप्पोन म्हणजे नि-प्-पो-न्, चार. तोक्यो म्हणजे तो-ओ-क्यो-ओ, हेही चार. आपण सवयीनं 'न्' पुढच्या अक्षरात गिळतो आणि ओळ ट्रॅकच्या आधी संपते.

उच्चारात मराठी माणसाचा फायदा आहे. 'त्सु' म्हणजे 'चूल' मधला चू. 'झु' म्हणजे 'जुना' मधला जु. 'शि'चा श अहिराणीत 'काय शे' म्हणतो तोच. 'फु' म्हणताना ओठ चूल फुंकल्यासारखे ठेवा, खालचा ओठ दाताला लावू नका. रोमन लिपीत 'डब्ल्यू-ओ' दिसलं तरी बहुतेक वेळा 'ओ' म्हणा. बोलताना 'देसु'चा उकार जवळजवळ ऐकू येत नाही, पण गाण्यात त्यावर सूर असेल तर तो पूर्ण म्हणायचा.

पद्धत अशी: शब्द देवनागरीत उतरवा, प्रत्येक मात्रेखाली टिंब द्या. आधी चाल सोडून टाळीवर वाचा, मग ७५ टक्के वेगानं ऐकत म्हणा, मग पूर्ण वेगात. महिन्यात माणशी एकच गाणं. दोन घेतली की दोन्ही कच्ची राहतात.

तापीकाठ:
खूप उपयोगी. आमच्यातल्या एकाला 'लेमन' किंवा 'प्रिटेंडर' गायचंय. चालेल का?

भूपाळी:
योनेझु केन्शीचं 'लेमन' (२०१८) आणि हिगेदान या बँडचं 'प्रिटेंडर' (२०१९), दोन्ही फार लोकप्रिय आणि दोन्ही उंच. ट्रॅक अर्ध्या-अर्ध्या सुरानं खाली आणा, तीन किंवा चार पायऱ्या. त्याहून खाली नेलं तर वरचे सूर जमतील, पण कडव्याची सुरुवात इतकी खर्जात जाईल की हॉलमध्ये ऐकूच येणार नाही. चार पायऱ्यांनीही आवाज चिरकत असेल तर गाणं बदला. उंच जागी कुजबुजता पातळ आवाज लावायचा असतो, छातीतून ओरडायचं नसतं.

मिक्सरवाला:
ट्रॅक शोधताना गाण्याचं नाव आणि 'कराओके' हे दोन्ही जपानी लिपीत कॉपी करून टाका, इंग्रजीत शोधल्यावर येत नाहीत इतके पर्याय मिळतात. पहिल्या तालमींना गाइड मेलडीवाला घ्या, त्यात चाल एका वाद्यावर वाजत असते. कार्यक्रमात तो नको.

मोबाइल ब्लूटूथनं जोडू नका. आवाज उशिरा येतो, पडद्यावरचे शब्द आधी रंगतात आणि गाणारा डोळ्यावर विसंबला की चुकतो. वायर लावा. जलद गाण्यांना एको जवळजवळ बंद ठेवा, नाहीतर चूल_बोळकींनी सांगितलेल्या सगळ्या मात्रा एकमेकींत मिसळतील. माइकची जाळी मुठीत धरली की स्पीकर शिट्टी मारतो, दांडीच धरा. आणि भरीत-पुरीचा बेत गाण्यानंतर ठेवा.