राहिलेले रोजे: धडधाकट माणसानं फिदिया देऊन मोकळं व्हावं का?

(सोलापूरच्या तीन वस्त्यांतल्या तिघांचं बोलणं; नावाऐवजी वस्ती दिली आहे.)

सिद्धेश्वर पेठ: रमजान उलटला की सोलापुरात हमखास ऐकू येतं, "राहिलेल्या रोज्यांचे पैसे देऊन टाकले." मला हे अजिबात पटत नाही. कुराणातल्या सूरह बकराच्या १८४ आणि १८५ व्या आयतीत आजारी माणसाला आणि प्रवाशाला रोजा सोडायची मुभा आहे, पण तेवढेच दिवस नंतर भरायचे आहेत. फिदिया, म्हणजे रोज्याच्या बदल्यात गरिबाला द्यायचं अन्न किंवा त्याचे पैसे, हा थकलेल्या म्हाताऱ्यांसाठी, बरं न होणाऱ्या दुखण्यासाठी. शिवाय कजा, म्हणजे नंतर भरायचे, रोजे सलग धरायची सक्ती नाही. आपल्याकडे डिसेंबरचा दिवस मे महिन्यापेक्षा जवळपास दोन तासांनी लहान, वर ऊनही नाही. मग अडचण कसली?

नई जिंदगी: भाई, पुरुषाला हे विचारणं सोपं आहे. पाळीतली नमाज माफ आहे, रोजे नाहीत. म्हणजे बाईचे दरवर्षी काही ना काही राहतातच. माझ्या भावजयीची तीन बाळंतपणं पाठोपाठ झाली. दिवसभर विड्या वळायच्या आणि मूल अंगावर. तिनं कधी भरायचे? गरोदर आणि पाजणाऱ्या बाईला फिदिया पुरतो, असं मत इब्ने अब्बास आणि इब्ने उमर या पैगंबरांच्या साथीदारांकडून आलेलं आहे. ते का नाकारायचं?

सिद्धेश्वर पेठ: आपा, ते मत आहेच. पण आपण हनफी, आणि हनफी मसलकात, म्हणजे आपल्या धर्मशास्त्राच्या परंपरेत, तिलाही कजाच आहे. मात्र पुढचा रमजान आला तरी त्या उशिराचा फिदिया लागत नाही. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशा स्वतः राहिलेले रोजे शाबानमध्ये, म्हणजे पुढच्या रमजानच्या आधीच्या महिन्यात, भरत. भावजयीनं मुलाचं अंगावरचं दूध सुटल्यावर सवडीनं धरावेत.

लष्कर: सवडीनं हे सगळ्यांना लागू नाही. आम्ही कोकणातले, शाफई मसलकाचे. सबब नसताना पुढचा रमजान ओलांडला तर आमच्यात कजाही धरायची आणि प्रत्येक रोज्यामागे फिदियाही द्यायचा. ढिलाईला आळा बसतो, म्हणून मला हेच योग्य वाटतं.

नई जिंदगी: आणि सबब कोण ठरवणार, सासू? रमजानमध्ये अख्खा मोहल्ला सहरीला, पहाटेच्या जेवणाला, उठतो. कजाच्या दिवशी बाई एकटी उठते, शिळी भाकरी खाते आणि दुपारी बाकीच्यांना गरम वाढते. हिशेब मागणाऱ्यांनी त्या दिवसाचा स्वयंपाक आधी आपल्या अंगावर घ्यावा.

सिद्धेश्वर पेठ: स्वयंपाकाचं शंभर टक्के मान्य. आमच्या घरी या हिवाळ्यापासून तसंच होईल. फिदियाबद्दल मात्र माझं म्हणणं तेच आहे.

नई जिंदगी: माझंही.