इंदूरला तीन रात्री, चौघी मैत्रिणी. कुठे खावं?

रामबागेतली

मंडळी, सल्ला हवाय. २६ डिसेंबरला सकाळी अवंतिका एक्स्प्रेसने इंदूरला उतरतेय, २९ ला परत मुंबई. म्हणजे हातात तीन रात्री. आम्ही शाळेतल्या चौघी, दहावी १९९६. चौघी एका वेळी एका गावात असण्याचा योग अकरा वर्षांनी येतोय. मागचा आला तो एकीच्या वडिलांच्या तेराव्याला, तिथे काय गप्पा होणार.

अडचणी अशा: एकीला साखर आहे. एकीने कांदा-लसूण सोडलाय. माझा गुडघा अर्ध्या तासाच्या वर उभं राहू देत नाही. चौथी इंदुरातच असते, तिची काही अट नाही, काहीही खाते.

सराफा, म्हणजे तिथला रात्रीचा खाऊबाजार, होणारच, त्यावर वाद नको. प्रश्न एवढाच की सराफ्यात क्रम काय लावावा? मागच्या खेपेला दहीबड्यानेच पोट भरलं आणि जिलेब्यापर्यंत, म्हणजे त्या भल्यामोठ्या जिलेबीपर्यंत, पोचलेच नाही. आणि बाकीच्या दोन रात्री कुठे जावं? आईने आधीच सुनावलंय, घरी जेवायचं नसेल तर हॉटेलातच उतर.

निशाचर_सराफा

ताई, पहिली चूक म्हणजे नऊला पोचणं. तेव्हा सोन्या-चांदीवाले अजून शटर ओढत असतात आणि खाण्याच्या गाड्या लागत असतात. साडेदहाला जा. गाडी नेऊ नका, राजवाड्यापर्यंत रिक्षा आणि तिथून मागच्या गल्लीत पायी.

क्रम: आधी गराडू, म्हणजे तळलेला कंद, कारण तो थंडीतच मिळतो आणि गरमच खायचा असतो. मग भुट्ट्याचा (मक्याचा) कीस, एक प्लेट दोघींत. मग खोपरा पॅटीस. दहीबडा एकच घ्या आणि चौघींनी चार चमचे. जोशींच्या दहीबड्याच्या दुकानात दोना (द्रोण) हवेत उडतो ते बघायला पैसे पडत नाहीत. जिलेबा एकटीने संपवायची वस्तू नाही, एकच नग पाव किलोच्या घरात जातो. साखरवाल्या ताईंना त्या बाजूला नेऊच नका, वासानेच वाढेल.

कांदा-लसणाचं म्हणाल तर गराडू, कीस, साबुदाणा खिचडी, दहीबडा यांत सहसा नसतो. तरी विचारून घ्या, लाजू नका.

मालव्यातली_माई

निशाचरभाऊंचा क्रम बरोबर, पण एक राहिलं. बाहेरगावचे लोक आपली शिकंजी लिंबाची समजून मागवतात आणि समोर आटवलेल्या दुधाचा, केशर-वेलचीचा घट्ट थंडगार पेला आला की चेहरे बघण्यासारखे होतात. बाहेरून येणाऱ्या मैत्रिणींना आधीच सांगून ठेवा. तसं डिसेंबरच्या रात्री ती प्यायची नसतेच.

मी तर म्हणते रात्रीपेक्षा सकाळ धरा. साडेसातला गल्लीतल्या कुठल्याही पोहेवाल्याकडे. आपले पोहे पुण्यासारखे कढईत परतलेले नसतात, उकळत्या पाण्याच्या वाफेवर चढवलेले असतात, म्हणून तासभर मऊ राहतात. वर बडीशेपेचा वास, शेव, जिरावण मसाला, डाळिंबाचे दाणे. कांदा वरून कच्चा घालतात, म्हणजे तुमच्या सोडलेल्या मैत्रिणीला नुसतं "बिना कांद्याचे" म्हटलं की झालं. थंडीत गरम पोह्यांवर धुकं आणि वाफ वेगळी ओळखू येत नाही.

बाफले_आणि_झोप

दुपारी दाल-बाफले कसे राहिले? कणकेचे गोळे आधी पाण्यात उकडून मग भाजलेले, फोडून तुपात बुडवलेले. चौघींची चार तास झोप पक्की. गप्पांचा प्रश्नच मिटला.

तिथेच_राहते

मी इंदुरातलीच. कुणाला लागेल असं लिहितेय, आधीच माफी मागते.

दर डिसेंबरला कोणी ना कोणी येतं. नाताळ, लग्नसराई. आणि प्रत्येकाला सराफा. मी या वर्षी आतापर्यंत सहा वेळा गेले आहे. पार्किंग मी शोधायचं, रांगेत मी उभं राहायचं, कुठल्या गाडीवर तेल ताजं आहे ते मी सांगायचं, रात्री दीडला सगळ्यांना घरी मी सोडायचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला डबा. पाहुणे झोपलेले असतात. मग कोणीतरी म्हणतं, "तुझं बरं, तुला रोज मिळतं."

रोज कोण खातं हो? भुट्ट्याचा कीस मी वर्षभरात कधी मनाने मागवलेला नाही.

ताई, तुम्ही चौथीबद्दल लिहिलंत, तिची काही अट नाही. तिला विचारलं होतंत का?

निशाचर_सराफा

ताई, सहा वेळा म्हणजे आमच्यापेक्षा जास्त. हात जोडले.

रामबागेतली

नव्हतं विचारलं. खोटं कशाला बोलू. आमच्या ग्रुपवर मी "सराफा फिक्स!" टाकलं आणि तिने अंगठा दाखवला, तो मी होकार धरला.

काल रात्री तिला एकटीला मेसेज केला, तुला काय खायचंय. बराच वेळ नुसतं टाइप करतेय असं दिसत राहिलं. मग आलं: "वरण-भात. काकूंच्या हातचा. आणि मी ताट उचलणार नाही."

मी आईला वाचून दाखवलं. आई म्हणाली, ती लहानपणीसुद्धा वरणात तूप दोनदा मागायची.

तर आता २७ ची रात्र घरी. बाकीच्या दोघींना सराफा हवाच असेल तर २६ ला रिक्षाने जातील, निशाचरभाऊंचा क्रम मी छापून हातात देते. चौथी तेव्हा माझ्याकडे येऊन बसेल किंवा झोपेल, जे वाटेल ते. सकाळचे पोहे तिला विचारले, त्याला तिची ना नाही. तिच्या घराजवळचाच पोहेवाला, अशी अट घातली मात्र. अखेर एक अट निघाली तिचीही!

आता प्रश्न दुसरा. वरण-भाताबरोबर काही तरी हिवाळ्याचं हवं. गराडू घरी करता येतो का? बाजारात मिळणारा तो कंद म्हणजे आपलं कोनफळच ना?

मालव्यातली_माई

त्याच जातीतला, पण गराडू आतून पांढरा असतो, जांभळा नाही. करायला सोपा, सोलायला वाईट. कच्च्याला बुळबुळीत चीक असतो आणि हाताला खाज सुटते, म्हणून आधी तळव्यांना तेल चोळा. ओल्या हाताने धरलात तर रात्रभर खाजवत बसाल.

मोठे तुकडे करून मीठ घातलेल्या पाण्यात उकडा. सुरी जाईल पण तुकडा मोडणार नाही इतपत. निथळून पूर्ण कोरडे करा, नाहीतर तेल उडतं. मग दोनदा तळायचा. पहिल्यांदा मध्यम आचेवर, फिकटच काढायचा. हे सकाळीच करून ठेवलंत तरी चालेल. दुसऱ्यांदा पानं वाढायच्या वेळी कडक तेलात, वरून खरपूस होईपर्यंत. लगेच जिरावण आणि लिंबू. जिरावण विकतचं आणा, घरी करायच्या भानगडीत पडू नका, त्यात जिरं, धने, बडीशेप, आमचूर, काळं मीठ, हिंग, सुंठ अशी मोठी यादी आहे.

साखरवाल्या मैत्रिणीने भात कमी घ्यावा, गराडूही पिठूळच असतो. दोन तुकडे खाऊ द्या. तेवढ्यासाठी अकरा वर्षांनी येतेय ती.

तिथेच_राहते

दुसरं तळण त्या चौथीला करायला सांगू नका म्हणजे झालं. स्वयंपाकघरात मदतीला म्हणून येईलच ती, सवय असते. बाहेर बसवा.

रामबागेतली

कढईपाशी मी. कबूल. माई, चौघी, आई-बाबा, भाऊ आणि वहिनी, म्हणजे आठ माणसं. किती आणू?

मालव्यातली_माई

दोन किलो. सोलून बरंच जातं. आणि आणायला तुम्ही जाऊ नका, आईंना पाठवा, तुम्हाला बाहेरून जून कुठला ते कळायचं नाही.

रामबागेतली

आईपण हेच म्हणाली. शब्द न् शब्द.