शब्दचर्चा : ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’ आणि ‘नो-रिफ्लो’

प्रश्न : हृदयविकाराच्या झटक्यानंतर अँजिओप्लास्टी झालेल्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी माहितीपत्रक लिहीत आहे. ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’साठी ‘प्राणवायूचा ताण’ आणि ‘नो-रिफ्लो’साठी ‘पुन्हा अडथळा’ हे शब्द चालतील का?

उत्तर : दोन्ही टाळावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘प्राणवायूचा ताण’ वाचून प्राणवायू कमी पडला असा समज होईल. प्रत्यक्षात, गुठळीमुळे रक्ताला पारखा झालेल्या हृदयाच्या स्नायूत रक्त एकाएकी परत शिरते, तेव्हा त्यातल्या प्राणवायूपासूनच सुपरऑक्साइडसारखे अतिक्रियाशील रेणू तयार होतात, पेशींच्या आवरणांना इजा करतात आणि रक्तवाहिन्या सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइडही निकामी करतात. शास्त्रीय लेखनात ‘ऑक्सिडीभवनाचा ताण’ योग्य ठरेल, कारण ‘ऑक्सिडीभवन’ हा शब्द रुळलेला आहे. पत्रकात मात्र ‘ताण’ म्हटले की घरच्यांना मनाचाच ताण आठवतो, म्हणून तिथे ‘प्राणवायूच्या अतिक्रियाशील रेणूंमुळे होणारी इजा’ असे सरळ लिहावे.

दुसऱ्या शब्दाबाबत अधिक काळजी हवी. ‘पुन्हा अडथळा’ म्हणजे स्टेंट (धमनी उघडी ठेवण्यासाठी बसवलेली जाळीदार नळी) बंद पडला, असाच अर्थ लावला जाईल. ‘नो-रिफ्लो’मध्ये मुख्य धमनी उघडलेली असते, पण सूज आलेले अस्तर, चिकटलेल्या पांढऱ्या पेशी व बिंबिका (प्लेटलेट्स), गुठळीचे वाहून आलेले कण आणि वाहिन्यांचे आकुंचन यांमुळे पुढच्या केशवाहिन्यांतून रक्त जात नाही. क्लोनर, गनोट आणि जेनिंग्ज या संशोधकांनी 1974 साली कुत्र्यांवरील प्रयोगात दाखवले, की धमनी 40 मिनिटे बंद ठेवून सोडल्यावर रक्त सर्वत्र परतले, 90 मिनिटांनंतर मात्र हृदयस्नायूच्या आतल्या थरातील काही भाग कोरडेच राहिले. अँजिओग्राफीत हेच दिसते : स्टेंट नीट बसलेला असूनही रंगद्रव्य धमनीत रेंगाळते. त्यामुळे ‘सूक्ष्म वाहिन्यांत रक्त न पोचणे’ हा शब्दप्रयोग मला सर्वांत बिनचूक वाटतो. कंसात ‘नो-रिफ्लो’ ठेवावे, कारण डॉक्टरांच्या तोंडून नातेवाईक तोच शब्द ऐकणार आहेत.

प्रश्न : मग ‘अँटिऑक्सिडंट’ गोळ्यांचाही उल्लेख करावा का?

उत्तर : ‘प्रतिऑक्सिडीकारक’ हा शब्द उपलब्ध आहे, पण गोळ्यांचा सल्ला देऊ नये. प्राण्यांमध्ये आशादायक ठरलेले असे उपाय झटक्याच्या रुग्णांवरील चाचण्यांत वारंवार निष्फळ ठरले आहेत. त्यापेक्षा छातीत दुखू लागल्यावर रुग्णालयात पोचायला उशीर करू नये, हे ठळक अक्षरांत छापावे.