सातबारा कोरा, तरी ‘वावर जप्तीत गेलं’ : म्हाताऱ्यांचं हे दुखणं मेंदूचं की परिस्थितीचं?

दारव्ह्याचा मास्तर : सोसायटीचं कर्ज फिटलेलं असतं, तरी सत्तरीतला माणूस ‘वावर जप्तीत गेलं, पोलीस येऊन राहिले’ म्हणत जेवण सोडतो. घरचे भगताकडे नेतात. हे भ्रमासह आलेलं तीव्र नैराश्य आहे. अशा वृद्धांच्या मेंदूच्या तपासण्यांत पुढचा भाग सरासरीनं लहान आढळल्याचे अभ्यास आहेत. हा आजार मेंदूचा आहे, हे गावात मोठ्यानं सांगायला हवं.

वावरकरी : पटलं नाही मास्तर. इथं कर्ज म्हणजे भ्रम नोहे. बोंडअळी पऱ्हाटी खाते, सावकार दारात उभा राहते, अन् तुम्ही म्हणता मेंदू लहान झाला? असं म्हटलं की सरकारही मोकळं अन् बँकही मोकळी.

दारव्ह्याचा मास्तर : कर्ज खरं असेल तर त्याची चिंता खरीच. पण सातबारा, पासबुक समोर ठेवल्यावरही ‘हे कागद खोटे’ म्हणणं, ‘माझी आतडी सडली’ म्हणून घासही न घेणं, याला चिंता कसं म्हणू? आणि गरिबी मेंदूपर्यंत पोचतेच. वर्षानुवर्षं न तपासलेलं बीपी, साखर आणि तंबाखूचा खर्रा यांनी मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. उतारवयातल्या काही नैराश्यामागे हेच असावं, अशी मांडणी १९९७ मध्येच झाली आहे.

मोर्शीकर : मग आधी नागपूरला नेऊन एमआरआय करावा ना?

आकोटची सिस्टर : त्यासाठी बकरी विकू नका. तो फरक गटांच्या सरासरीतला आहे. एका माणसाचा फोटो पाहून हे निदान होत नाही. पडून डोक्याला मार लागला, अचानक बरळणं सुरू झालं, हातपाय लुळे पडले, तर स्कॅन हवाच. नाहीतर आधी थायरॉईड, बी-१२, सोडियम बघा.

वावरकरी : अन् गोळ्या? त्यांनीच मेंदू पातळ होते म्हणतात.

आकोटची सिस्टर : शंका बिनबुडाची नाही. या आजारातून बरे झालेल्यांत ओलान्झापिन ही भ्रमावरची गोळी चालू ठेवलेल्यांच्या मेंदूचा वरचा थर, ती बंद केलेल्यांपेक्षा पातळ झाल्याचं २०२० च्या अभ्यासात दिसलं. पण त्याच चाचणीत, ३६ आठवड्यांत, गोळी बंद केलेल्यांपैकी सुमारे ५५ टक्क्यांचा आजार परत आला. चालू ठेवलेल्यांत सुमारे २० टक्क्यांचा. जेवण सोडलेल्या माणसाच्या बाबतीत मी गोळीच्या बाजूनं आहे. वजन, साखर मात्र तपासत राहायची.

मोर्शीकर : विजेचा शॉक देतात, त्याचं काय? बुढ्या माणसाले झेपते?

आकोटची सिस्टर : या आजारात सगळ्यांत जास्त गुण त्याचाच येतो, म्हाताऱ्यांतही. काही दिवस विसरायला होतं, हे खरं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय शॉक देता येत नाही.

वावरकरी : ठीक. पण पेरणीच्या दिवसांत दर महिन्याला त्याले जिल्ह्याच्या गावी नेणार कोण? माझा सवाल तिथंच अडते.

दारव्ह्याचा मास्तर : मान्य, त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. तोवर आशाताईला सांगा, आणि १४४१६ वर टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन लावा, मराठीत बोलतात. मरणाची भाषा काढली तर फवारणीचं औषध आजच घरातून हलवा, माणसाला एकटं सोडू नका, आणि थेट दवाखाना गाठा.