पुण्यातील संस्थेस मदत: उपकरणे की प्रशिक्षण?

प्रेषक: निधी समिती

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

आपल्या परदेशातील मंडळाच्या आनंदमेळ्यातून उरलेली रक्कम पुण्यातील दिव्यांगांच्या एका संस्थेस द्यावी, असे मागील बैठकीत ठरले आहे. व्हीलचेअर आणि संगणक घेऊन द्यावेत, असा बहुतेकांचा कल दिसतो. ताई, आपण याच क्षेत्रात काम करता आणि सध्या पुण्यातच आहात, तेव्हा आपले मत कळवावे.

प्रेषक: एक सभासद, मुक्काम कोथरूड

सप्रेम नमस्कार.

आईच्या दुखण्यामुळे दोन महिने इथे आहे. त्या संस्थेत तीनदा जाऊन आले आणि माझे मत असे झाले आहे, की ही रक्कम उपकरणांवर नव्हे, तर ती मापाने बसवून देणाऱ्या व वापरायला शिकवणाऱ्या माणसांच्या प्रशिक्षणावर खर्च व्हावी.

देणगीतून आलेल्या व्हीलचेअर तिथल्या व्हरांड्यात घडी करून भिंतीला टेकवलेल्या आहेत. वापरात असलेल्या एका खुर्चीची बैठक मी टेपने मोजली; ती 18 इंच भरली आणि तीत बसणारी मुलगी जेमतेम 13 इंच रुंदीची. बैठक माणसापेक्षा साधारण इंचभरच रुंद हवी. जागा उरली की शरीर एका अंगावर कलते, भार तिथेच पडत राहतो आणि कमरेखाली संवेदना नसेल तर बेडसोर झाल्याचे कळतही नाही. त्या मुलीने रिकाम्या बाजूला शाल दुमडून कोंबली होती. खुर्ची देताना तिचे माप कोणी घेतलेच नव्हते.

संगणकांचेही तेच. एनव्हीडीए हा पडदावाचक, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर, 2006 पासून विकसित होत आहे, तो मोफत आहे आणि मराठीही वाचतो. म्हणजे सॉफ्टवेअरसाठी पैशांची अडचण नाही. पण एका दृष्टिहीन विद्यार्थ्याला मिळालेल्या नोट्स युनिकोडपूर्व फाँटात, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रे बसवलेल्या जुन्या फाँटात, टाइप केलेल्या होत्या. आपल्या डोळ्यांना जिथे ‘मराठी’ दिसते, तिथे त्याला ‘ई, जे, के, बी, एच’ ऐकू येत होते. संगणक बिघडला आहे असे समजून शिक्षकांनी तो दुरुस्तीला पाठवला! मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यायचा असतो, एवढे माहीत असलेला एक माणूस तिथे असता तर हे काम अर्ध्या तासाचे होते.

अमेरिकेत रेस्ना ही संस्था सहायक तंत्रज्ञान व्यावसायिकाचे, म्हणजे दिव्यांगांना योग्य उपकरणे निवडून व जुळवून देणाऱ्याचे, प्रमाणपत्र देते. त्यासाठी शिक्षण, प्रत्यक्ष कामाचे तास आणि परीक्षा, तिन्ही लागतात. मात्र ते प्रमाणपत्र म्हणजे भारतात काम करण्याचा परवाना नव्हे. इथे 1992 च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी असावी लागते, म्हणून आपल्या कार्यशाळेतून ‘तज्ज्ञ’ बाहेर पडतील असे कोणी कृपया जाहीर करू नये. जागतिक आरोग्य संघटनेने 2012 मध्ये व्हीलचेअर सेवेचा प्राथमिक अभ्यासक्रम प्रसिद्ध केला, तो सुमारे पाच दिवसांत शिकवता येतो आणि मोजमाप, जुळवणी, वापराचे शिक्षण व नंतरची देखभाल हे सारे त्यात आहे. संस्थेतील चौघांना तो द्यावा आणि त्यातील एक जण स्वतः व्हीलचेअर वापरणारा असावा, असा माझा आग्रह राहील. शिकवणारे बाहेरून आणण्याची गरज नाही. कृत्रिम अवयव केंद्र 1944 पासून ज्या शहरात आहे, तिथे जाणकार मिळतात.

प्रेषक: खजिनदार

ताईंचे म्हणणे पटले. एक व्यावहारिक बाब मांडतो. मंडळाचा निधी हा भारताच्या दृष्टीने परकीय अंशदान, म्हणजे परदेशातून आलेली देणगी, ठरतो. त्यामुळे संस्थेची एफसीआरए (परकीय अंशदान नियमन कायदा) नोंदणी चालू असली पाहिजे आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच जमा व्हावी लागते. नोंदणीची प्रत मिळाल्याखेरीज मी हस्तांतर करणार नाही. शिवाय, प्रशिक्षण घेतलेली माणसे नोकरी सोडून गेली तर काय?

प्रेषक: एक सभासद, मुक्काम कोथरूड

प्रत उद्या मागून घेते. माणसे जाण्याची भीती खरी आहे, म्हणूनच एकाला न शिकवता चौघांना शिकवावे आणि शिकवणाऱ्यांच्या मानधनाचा अर्धा भाग सहा महिन्यांनंतरच्या फेरतपासणीसाठी राखून ठेवावा, असे सुचवते.

त्या मुलीच्या मापाची खुर्ची मिळायला वेळ लागेल. तोवर दोन्ही बाजूंना फोमचे तुकडे कापून बसवले आहेत. शाल तिने परत मागून घेतली.